नर बेडकाची साक्ष

बाईला दिवस गेलेत की नाही, हे त्या काळी बेडूक सांगायचा. हसू नका. पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती, औरंगाबादेत वीज होती, एस्टी होती, सिनेमा होता. पण आता औषधाच्या दुकानात मिळते ती पट्टी कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हती. सरकारी दवाखान्याच्या तपासणीखोलीमागं पडवी होती, आणि त्या पडवीत ओल्या वाळूच्या मडक्यांमधून नर बेडूक पाळलेले असत. तेही तळ्यातले गुळगुळीत नव्हेत, कोरड्यावर राहणारे, खरबरीत पाठीचे. बाईची सकाळची लघवी सुईनं बेडकाच्या कातडीखाली टोचायची, दोन-तीन तास थांबायचं, आणि मग बेडकाच्या मुताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा; दवाखान्यात त्याला दुर्बीणच म्हणत. बाई गरोदर असली तर त्या थेंबात बेडकाचं बीज वळवळताना दिसायचं. नसली तर थेंब आपला कोरा.

आता कुठली ती बाई आणि कुठला तो बेडूक! जात नाही, पात नाही, ओळख नाही, देख नाही. पण तिच्या पोटात राईएवढा जीव धरला की ह्याच्या अंगात वर्दी पोचायची. शिकलेले लोक त्याला रसायनाचं कारण सांगतात, आणि ते खरंच आहे. पण कारण कळलं म्हणून नवल संपतं असं ज्याला वाटतं त्यानं आपलं घरी बसावं.

सरोजिनीबाईंना कारण पुरतं ठाऊक होतं. त्या तपासणीखोलीच्या प्रमुख, हैदराबादेत शिकून आलेल्या डॉक्टरीण. वडील निजामाच्या दफ्तरात कारकून, त्यामुळं अक्षर वळणदार आणि शिस्त कडक. हाताखालच्या माणसांना त्यांचं एकच सांगणं असायचं: "चुकलात तर बोलणी खाल. लपवलंत तर मी तुमची कुणी नाही." रक्त, थुंकी, जंत, हिवताप, सगळं त्या कपाळाला आठी न पाडता बघायच्या. पण बेडकाचा थेंब बघायची वेळ आली की चष्मा दोनदा पुसायच्या आणि गप्प व्हायच्या. इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या अंगावर काटा यायचाच.

त्या मे महिन्यात साळूबाई दवाखान्यात आली. पैठणच्या अलीकडच्या एका गावातली कुणब्याची बाई, वय चाळिशीकडं झुकलेलं, लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली आणि मूलबाळ नाही. पोटात गाठ, कळा आणि अंगावरून रक्त जाणं. नवरा पुंजाराम तिला बैलगाडीत घालून पैठणपर्यंत आणि तिथून एस्टीनं इथवर घेऊन आला होता. माणूस पहाडासारखा, पण वॉर्डाच्या दारात उभा राहिला की त्याचे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

सर्जन व्यंकटराव यांनी तपासलं आणि सांगून टाकलं, "गर्भाशयाची गाठ आहे. उद्या सकाळी काढायची. पिशवीसकट."

"म्हंजी पुढं लेकरू..." पुंजारामनं विचारलं.

"लेकरू आत्तापर्यंत झालं नाही ते आता काय होणार बाबा? बायको वाचवायची का नाही?"

"वाचवा साहेब," पुंजाराम लगेच म्हणाला. "घरच्यांनी दुसरी करायला लई सांगितलं, आपुन केली नाय. हीच पाहिजे. बाकी काय नाय पाहिजे."

 साळूबाईनं नुसता पदर ओढून घेतला. कागदावर अंगठा उठवताना मात्र तिनं दुसरा हात पोटावर धरला, आणि ते सरोजिनीबाईंनी पाहिलं. त्या रक्त घ्यायला आलेल्या होत्या. बाईची पाळी दोन-अडीच महिन्यांपासून चुकलेली आहे, मधूनमधून जातंय ते नुसतं रक्त आहे, हे त्यांनी दोन प्रश्नांत काढून घेतलं. मग व्यंकटरावांना बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "गाठ आहेच. पण गाठीबरोबर गर्भही असला तर? बेडकाला विचारून घेऊ."

व्यंकटराव हसले. "चाळिशीला? तुमचाही जीव कशात अडकेल सांगता येत नाही. विचारा, पण उद्या सकाळच्या आत. बाई पांढरीफटक पडत चाललीय."

झालं! दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली ती धावपळीनंच. शस्त्रक्रिया सकाळची दुपारवर आणि दुपारची पुढच्या दिवसावर ढकलायला व्यंकटराव महाकष्टानं कबूल झाले. साळूबाईची लघवी आली. निम्मी रामकिसननं वापरायला घेतली, निम्मी बाईंच्या शिरस्त्याप्रमाणं बर्फाच्या पेटीत ठेवली. रामकिसन म्हणजे तपासणीखोलीतला तंत्रज्ञ, हाताचा चपळ आणि तोंडाचा फटकळ. आणि बेडूक किती शिल्लक? एक. मे महिन्यात बेडूक जमिनीखाली दडी मारतात, आणि पडवीतले होते ते उन्हानं एकेक करून मेलेले. उरला तो एकटा नर, बन्सीच्या जिवापाड जपणुकीवर तगलेला.

हा बन्सी म्हणजे तिथला शिपाई. पन्नाशीचा, विधुर, अंगानं काटकुळा. बेडकांना मुंग्या-किडे घालायचा, वाळूवर पाणी शिंपडायचा आणि त्यांच्याशी बोलायचासुद्धा. नर ओळखायची रीत तो नव्या माणसाला मोठ्या हौसेनं दाखवायचा. बेडकाला पाठीमागून काखेत धरलं की नर कुरकुर करतो, मादी गप्प बसते. "माणसात उलटं हाय," असं म्हणून तो स्वतःच खो खो हसायचा. माद्या चुकून पकडल्या गेल्या तर लगेच सोडून द्यायच्या, असा नियम होता.

सरोजिनीबाई रामकिसनच्या पाठीशी उभ्या राहिल्या. "आटपा, रामकिसन. व्यंकटरावांचा माणूस दोनदा येऊन गेला." असं त्या कधी करत नसत. पण त्या दिवशी केलं.

बेडकाला टोचलं. मडक्यावर फडकं बांधलं. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर थेंब काचेवर घेतला.

इथं बाईंची एक पद्धत होती. पहिल्यानं बघितलं की त्यानं तोंडातून ब्र काढायचा नाही. दुसऱ्यानं बघायचं. मग दोघांनी एकदम मूठ पुढं करायची. उघडी मूठ म्हणजे दिसलं, बंद म्हणजे नाही. म्हणजे एकाच्या डोळ्यानं दुसऱ्याचा डोळा फितत नाही.

रामकिसननं बघितलं. बाईंनी चष्मा दोनदा पुसला आणि बघितलं. दोन्ही मुठी पुढं आल्या, दोन्ही उघड्या!

"आयला!" रामकिसन ओरडला आणि बाई आहेत हे आठवून जीभ चावली. थेंबात बीज नुसतं उसळत होतं. एवढ्याशा काचेवर हजारो जीव, बारीक शेपट्या हलवत, कुठं जायचंय ते जणू ठाऊक असल्यासारखे पळत होते.  सरोजिनीबाई उठल्या, पदर सावरला आणि व्यंकटरावांकडं जायला निघाल्या.

दारात बन्सी आडवा उभा राहिला. चेहरा राखेसारखा.

"बाई, जाऊ नका."

"का रे?"

"माझ्याकडनं घोटाळा झालाय." त्यानं मडक्याकडं बोट दाखवलं. "त्यो एकटाच उरला व्हता. चार दिस झाले, खात नव्हता, हलत नव्हता. एकटं राहनं लई वाईट असतं बाई. एक मादी सोडायची राहिली व्हती... भाईर सोडली असती तर उन्हानं मेली असती. म्हनून राती ती त्याच्याच मडक्यात टाकली. सकाळी काढून घेतली."

 बन्सीनं काय केलं होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. नर-मादी रात्रभर एकत्र राहिले, तर नराचं बीज आपोआपच सुटलेलं असणार. त्याला साळूबाईची कशाला गरज? ती साक्ष खोटी ठरली होती. खरी असली तरी खोटीच.

"अरे गाढवा!" रामकिसन उसळला. "बेडकाचं लग्न लावायला तुला हाच मुहूर्त सापडला?"

"रामकिसन," बाईंनी हळूच विचारलं, "टोचायच्या आधी त्याचा थेंब बघितला होतात का?"

तोही नियमच होता. आधी बेडकाचा एक थेंब बघायचा, तो कोरा असला तरच सुई. रामकिसनचा आवाज एकदम खाली गेला. "नाही बाई. तुम्ही आटपा म्हणालात..."

"म्हणाले खरी." सरोजिनीबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे बन्सीनं माया केली, तुम्ही आळस केला आणि मी घाई केली. तिघांनी मिळून त्या बाईला विहिरीच्या काठावर नेऊन ठेवलं. बन्सी, तू बोललास म्हणून ती अजून काठावर आहे. डोळे पूस आता."

पण अडचण काही डोळे पुसून जाणार नव्हती. दिवस आहेत असं सांगावं आणि ते खोटं निघावं, तर शस्त्रक्रिया थांबणार, गाठ तशीच राहणार आणि रक्त जाऊन जाऊन बाई मरणार. नाहीत म्हणावं आणि ते असले, तर इतक्या वर्षांनी धरलेलं लेकरू पिशवीसकट बादलीत जाणार. आणि काहीच सांगितलं नाही, तर व्यंकटराव उद्या सकाळी पोट उघडणार, ते ठरलेलंच होतं. बाई त्यांच्याकडं गेल्या आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. व्यंकटरावांनी कपाळाला हात लावला.

"बेडकाच्या मुतावर मी बाईचा जीव टांगून ठेवू? संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर मी माझं काम करीन. मला काय हौस आहे का हो पिशव्या काढायची?"

त्यांचंही खोटं नव्हतं. लघवी बर्फात शिल्लक होती, माणसं होती, दुर्बीण होती. नव्हता तो एक बेडूक. एरवी पावसाळ्यात पायाखाली येतात मेले, चपलेनं बाजूला सारावे लागतात. आणि आता, रस्त्यावरचं डांबर वितळत असताना, सगळ्या औरंगाबादेत एक नर बेडूक मिळेना म्हणजे काय!

"पाणचक्कीमागं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "नहरीचं पाणी पाझरतं तिथं. ओल असेल तर तिथंच असेल." आणि त्या स्वतः निघाल्या. बन्सीला घेतलं. दवाखान्याच्या पायरीवर पुंजाराम बसला होता, त्याच्याकडं बघून त्या थबकल्या. "पुंजारामभाऊ, माती उकरता येते ना?"

"हयात त्याच्यातच गेली बाईसाहेब. काय उकरायचंय?"

"बेडूक पाहिजे."

पुंजारामनं एक शब्द विचारला नाही. औषधात घालत असतील, असं त्याला वाटलं. पुढं त्यानंच तसं सांगितलं. बाईंनी त्याला मुद्दामच काही सांगितलं नाही. आशा दाखवून काढून घेण्यासारखं पाप नाही, असं त्यांना वाटे.

पाणचक्कीमागच्या भिंतीपाशी पाणी झिरपत होतं, कर्दळीचा एक वाफा तेवढा हिरवा होता. बाकी सगळं उन्हानं भाजून निघालेलं. पुंजाराम गुडघ्यावर बसला. त्यानं तळहात जमिनीवर टेकवून टेकवून बघितला, जिथं गार लागलं तिथं बोटं घातली आणि ओली माती हातांनीच बाजूला करायला सुरुवात केली. बन्सी दुसऱ्या बाजूनं. आणि सरोजिनीबाई, ज्यांच्या पांढऱ्या पातळावर कधी कुणी डाग बघितला नव्हता, त्या खाली बसून दगड उलटत होत्या. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एका म्हाताऱ्या खाँसाहेबांनी विचारलं, "क्या गुम गया, बेटी?" बाई म्हणाल्या, "मेंढक." खाँसाहेब काठी टेकत आले आणि काठीनं तेही पालापाचोळा ढोसायला लागले. औरंगाबादची माणसं तशी बरी.

पहिला बेडूक पुंजारामला सापडला. बाईंनी पाठीमागून धरला. गप्प. मादी. दुसरा दगडाखाली निघाला, तोही गप्प. बन्सीनं तिला परत दगडाखाली ठेवलं आणि वर ओली माती सारली. एवढ्या घाईतही ठेवलीच. ऊन उतरायला लागलं. पुंजारामच्या नखांतून रक्त यायला लागलं होतं, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. मग भिंतीच्या अगदी बुडाशी त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि मातीनं माखलेला एक गोळा घेऊन बाहेर आला. सरोजिनीबाईंनी तो घेतला, दोन बोटांनी काखेत धरला.

"कुर्र."

बाईंच्या तोंडून हुंदका फुटला की हसू, ते बन्सीला कळलं नाही. त्या हलल्याच नाहीत. त्यांच्या हातात तो इवलासा जीव फुगत होता, चिडत होता, "सोड मला" म्हणून कुरकुरत होता. आणि त्यांना वाटलं, सगळ्या सृष्टीला बोलता येतं, आपल्यालाच ऐकायला उशीर होतो. "चला," त्या म्हणाल्या, आणि टांग्यात बसेपर्यंत त्यांनी त्याला दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

ह्या खेपेला कुणी आटपा म्हणालं नाही. रामकिसननं आधी कोरा थेंब बघितला, बाईंनी बघितला. थेंब खरोखर कोरा होता. मग बर्फातली लघवी काढून खोलीच्या उबेवर येऊ दिली, आणि टोचली. मडकं टेबलावरच ठेवलं. तिघं त्याच्याभोवती बसून राहिले.  व्यंकटरावांचा माणूस आला, त्याला बाईंनी हातानंच थांबायला सांगितलं.

दिवेलागणीला थेंब काचेवर आला.

रामकिसननं बघितलं आणि तो उठला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पद्धत ती पद्धत. बाई बसल्या. आधी नुसता उजेड. त्यांनी हलक्या हातानं काच सरकवली. पुन्हा उजेड.  आणि मग कडेला काहीतरी हललं. एक. मग दोन. मग ओळीनं, घोळक्यानं, गर्दीनं, सगळा उजेड त्यांनी भरून गेला. दुपारी दिसलं होतं तेच. पण दुपारी ते बेडकाचं आपलं घरचं बोलणं होतं. आत्ता तो त्या बाईविषयी बोलत होता. वॉर्डात, खाटेवर, हातभर अंतरावरच्या माणसांनाही जे कळलं नव्हतं, ते पाणचक्कीमागच्या मातीतून उकरून आणलेला हा जीव सांगत होता, आणि एकदा नव्हे, हजारो मुखांनी सांगत होता. सरोजिनीबाईंनी नकळत हात जोडले.

"बन्सी, ये, बघ," त्या म्हणाल्या. "आज तिसरी मूठ तुझी."

बन्सीनं जन्मात दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. त्याला डोळा कुठला मिटायचा तेच कळेना. मग दिसलं, आणि तो लहान मुलासारखा "अगाईऽऽ" करून मागं सरकला. तीन मुठी पुढं आल्या. तिन्ही उघड्या.

व्यंकटराव स्वतः चालत आले. त्यांनीही बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. डोळा काढला तेव्हा त्यांचा आवाज निराळाच होता. "मी उद्या हे कापून काढणार होतो," ते म्हणाले. मग खाकरून, नेहमीच्या आवाजात, "गाठ राहू दे. बाईला खाटेवरून हलू द्यायचं नाही. रक्त द्यायचं. मी रोज दोनदा येईन. मूल टिकेलच असं मी सांगत नाही हं, सरोजिनीबाई. पण आता टिकवायचा प्रयत्न करायचा."

पुंजारामला बाहेरून बोलावलं. बाईंनी त्याला दुर्बिणीपाशी बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. तो वाकून बघत राहिला.

"हे... हे माझं लेकरू?"

"नाही हो! हे बेडकाचं. तुमचं तिच्या पोटात आहे."

"मंग ह्याला कसं कळलं?"

सरोजिनीबाईंना रसायनाचं कारण ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "कळलं बघा," त्या म्हणाल्या. पुंजारामनं डोक्याचा रुमाल काढला, मातीच्या हातांनीच मडक्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. कुणी हसलं नाही.

वॉर्डात साळूबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. शस्त्रक्रियेसाठी तिच्या बांगड्या सकाळीच काढून घेतलेल्या, आणि ती पुढं ढकलली तरी तिनं दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता. सरोजिनीबाई खाटेशी बसल्या. पुंजाराम पायथ्याशी उभा. 

"साळूबाई," बाई म्हणाल्या, "तुम्हाला दिवस आहेत. आता कापाकापी नाही."

साळूबाई दचकली नाही. तिनं हळूच मान वळवली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली.

सरोजिनीबाई पुढं वाकल्या. "वाटलं होतं? मग अंगठा का उठवलात? सांगितलं का नाही, बाई?"

"किती येळा सांगू?" साळूबाईचा आवाज अगदी बारीक होता. "पाळी दोन दिस पुढं गेली की सांगायचे. सासूला सांगितलं, जावंला सांगितलं. सगळ्या गावात व्हायचं, अन् मंग काय नसायचं. लोक हसायचे. मागं एकदा तर ह्यांनी पाळण्याला लाकूड आणलं व्हतं." ती थांबली. "तवापासून मनाशी ठरीवलं, कुणी दुसऱ्यानं सांगितल्याबिगर तोंडातून काढायचं नाय. मेले तरी नाय."

 दिवसभर सरोजिनीबाईंनी एका बेडकाचं नवल केलं होतं. ही बाई मात्र सगळं जाणून, मुकी राहून, सुरीखाली जायला निघाली होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"आता दुसऱ्यानं सांगितलं की," त्या म्हणाल्या. "आता बोला."

साळूबाईनं त्यांच्याकडं बघितलं, खरंच ना, अशा नजरेनं. मग पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, पायथ्याशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं वळली आणि म्हणाली, "अवो, मला दिस गेलेत."